अण्णांनी मला ग्राउंडवर अनवाणी चालवलं

या माणसाने मला भर ग्राउंडवर जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या माझ्या बापानेही घातल्या नसतील.

मल्लप्पा अण्णा आज पहाटे गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अण्णा म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचे एक नंबरचे फॅन. मंद्रूपचे. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून रिटायर झालेले. दर रविवारी सकाळच्या एसटीने सोलापूरला यायचे, लाइनच्या कडेला खुर्ची टाकायचे आणि मॅच सुरू व्हायच्या आधी माझ्यावर सुरू व्हायचे.

मी त्या क्लबचा कोच.

या सीझनच्या आधी मी पुण्याहून कोचिंगचा कोर्स करून आलो. डोक्यात हवा गेली होती, खोटं कशाला बोलू!

टीमला लॅपटॉपवर बाण काढून दाखवले. कीपरने लांब किक मारायची नाही. छोटे छोटे पास देत मागून बॉल वर न्यायचा. जगातल्या मोठ्या टीम अशाच खेळतात.

आम्ही सलग सहा मॅच हरलो.

दर वेळी तेच. कीपरने शेजारी पास दिला की बॉल खड्ड्यात उडायचा, समोरच्याच्या पायात जायचा आणि गोल.

"ए कोच! फुडं मार म्हन की त्याला! हितं काय टीव्हीतलं ग्राउंड हाय व्हय?"

आणि मग, "साकु रे, साकु!" अण्णा चिडले की कन्नडमध्ये शिरायचे. साकु म्हणजे पुरे. मग सगळे फॅन मिळून साकु-साकु ओरडायचे. आमच्याच टीमचे फॅन बरं का.

मी तरी कुठे ऐकतोय. यांना फुटबॉलमधलं काय कळतं, असं घरी येऊन बायकोला सांगायचो.

सातव्या मॅचला कहर झाला. बॉल आमच्या कीपरकडे गेला रे गेला की अण्णांसकट सगळे फॅन खुर्च्या फिरवून ग्राउंडकडे पाठ करून बसायचे. बॉल पुढे गेला की परत तोंड इकडे.

समोरची टीम पोट धरून हसत होती. आम्ही तीही मॅच हरलो.

मॅच संपल्यावर माझं डोकं फिरलं. सरळ त्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, आयुष्यात कधी बॉलला पाय तरी लावलाय का?"



"न्हाय," अण्णा म्हणाले. "पन दर शनवारी येऊन ह्या ग्राउंडवरचे खडे मी येचतो. तू किती येचलेस?"



"बूट काढ."

"काय?"

"बूट काढ म्हंतो. मोजे बी."

का कोण जाणे, काढले.

भर उन्हात त्यांनी मला अख्खं ग्राउंड अनवाणी चालवलं. तळपाय भाजत होते. मधोमध आलो तर जमीन फरशीसारखी टणक.

"हितं क्रिकेटवाले रोलर फिरिवत्यात. टप्पा पडला की बॉल डोस्क्यावरनं जातोय. आनि तू नेमका हितनंच पास द्यायला लावतोस."

पुढे पाण्याच्या टाकीकडच्या गोलपोस्टकडे निघालो आणि पाय आपोआप भरभर पडायला लागले.

"कळला का उतार? टॉस जिकला की पयला हाफ चढाला खेळायचं. दुसऱ्या हाफात ते दमल्याले असत्यात, चढ त्येंच्या वाट्याला. मग मार लांब बॉल."

इतके दिवस मी त्याच ग्राउंडवर शिट्टी फुंकत होतो. उतार मला माहीतच नव्हता. लाज वाटली. खरंच वाटली.

त्या दिवसापासून लॅपटॉप घरी. पुढच्या पाचपैकी चार मॅच जिंकलो!

शेवटची मॅच गेल्या रविवारी होती. हरलो असतो तर आमचा क्लब खालच्या गटात गेला असता आणि माझं कोचपदही गेलं असतं. ड्रॉ झाली तरी वाचणार होतो.

एक-एक बरोबरी. शेवटची पाच मिनिटं. आम्हाला कॉर्नर मिळाला.

"समदे मागं ऱ्हावा! ड्रॉ पुरे हाय! कोच, आवर त्यास्नी!" अण्णा खुर्चीवर उभे राहून ओरडत होते.

पण मला समोरच्यांचे पाय दिसत होते. चढाने पार गळाले होते. आज सोडायचं नाही, असं ठरवलं आणि आमच्या उंच डिफेंडरलाही वर पाठवलं.

"येडा झालास का रे! साकु!"

कॉर्नर आला. डिफेंडरने उडी मारली. हेडर.

गोल!!!

दोन-एक! वाचलो! जिंकलो!

टीमने अण्णांना खांद्यावर घेऊन ग्राउंडला पूर्ण चक्कर मारली. खांद्यावर बसूनसुद्धा ते माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होते, "माजं ऐकलं न्हाईस! मला घाम फोडलास तू!"

शाबासकी? नाव नको. त्या दिवशीही नाही.

आज मंद्रूपला त्यांच्या मातीला गेलो. सगळी टीम जर्सी घालून आली होती. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने अण्णांच्या मुलीला विचारलं, "ही मंडळी कोन गं?"

"अण्णांची टीम हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"तुमीच कोच ना? रविवारी घरी आल्यापासनं एकच लावलं होतं त्यांनी. आमच्या कोचनं माजं बी ऐकलं न्हाय, आनि जिकून दावलं. गल्लीत प्रत्येकाला थांबवून सांगितलं बगा."

आमच्या कोचनं.

मी तिथेच रडलो. टीमसमोर. लपवलं नाही.

अण्णा, तुमच्या कोचचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.