बाबांच्या राजाची उडी

बाबा जन्मभर देशी बुद्धिबळ खेळले. त्यात प्यादं एकेक घर चालतं आणि राजाला, शह मिळाला नसेल तर, एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. स्पर्धा मात्र विलायती नियमांनी व्हायला लागल्या. मला खेळायचं होतं म्हणून पन्नाशीत त्यांनी ते नियम नाक मुरडत पाठ केले.

बाबा घरात बोलायचे ते फक्त पटावर. रविवारची दुपार माझी. एरवी ऑफिस आणि मौन. पण हरणं त्यांना सोसायचं नाही. शेजारच्या काकांनी एकदा चूक दाखवली, तर त्यांच्यासाठी पट पुन्हा कधी उघडला नाही.

घाटकोपरच्या एका शाळेतल्या स्पर्धेत नेमकी आमचीच गाठ पडली. पांढरे त्यांचे, काळे माझे. हॉलमध्ये उन्हाचे पट्टे पडले होते, खाडीकडून खारट वारा येत होता, आणि मला सगळं झोपेत पाहिल्यासारखं दिसत होतं. खरे वाटत होते ते बाबांचे हात. तेव्हा जो तो खेळायचा तोच इटालियन डाव त्यांनी मांडला: राजापुढचं प्यादं, मग घोडा, मग उंट. मी आमिष म्हणून एक घोडा सोडला, त्यांनी तो अधाशासारखा मारला. तेवढ्यात माझ्या उंटाने तिरकी वाट धरली, हत्तीआड राजा लपवायची त्यांची चाल, किल्लेकोट, बंद झाली आणि राजा मधोमध उघडा पडला.

बराच वेळ ते पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी राजा उचलला आणि अडीच घरं उडवून प्याद्यांच्या आड ठेवला. इतक्या सहज, की क्षणभर मलाही ते बरोबरच वाटलं. पंच लांब खिडकीपाशी होते. मी बोलले तर डाव माझा, पण पटावरचे बाबा गेले.

"बाबा, इथे उडी नसते."

त्यांचे कान लाल झाले. राजा परत जागेवर आला. पण हात लागला म्हणजे तोच हलवायचा, म्हणून त्यांनी तो निमूट एक घर सरकवला. मग माझ्या वजिराला मात करायला वेळ लागला नाही. पंचांना त्यांनीच हाक मारली. "काळं जिंकलं," एवढंच म्हणाले.

घरापर्यंत ते माझ्यापुढे चालत राहिले. जिंकल्याचा आनंद शोधूनही सापडेना. जिन्यात ते थांबले.

"गप्प बसली असतीस ना, तर पट कायमचा उचलून ठेवला असता. म्हाताऱ्याला सांभाळून घेतात तसं मला घेऊ नकोस, कळलं?"

ते वर गेले. मी पायरीवर बसून मनसोक्त रडले. वरून त्यांचा आवाज येत होता. बुद्धिबळातलं ओ की ठो न कळणाऱ्या आईला ते माझी एकेक खेळी समजावून सांगत होते.