माराची मालकी

थोरलीला धाकटीचा हेवा वाटायचा. उगाच गोड शब्द शोधण्यात अर्थ नाही. चांगला पोटात दुखणारा, घास कडू करणारा हेवा होता तो. पैशाचा नव्हे, रूपाचाही नव्हे. रूपात थोरलीच उजवी, हे धाकटीसुद्धा मान्य करायची. हेवा होता तो धाकटीच्या शांत झोपेचा, काम करताना गुणगुणण्याचा आणि भांडं हातातून पडलं तरी न दचकण्याचा.

भांडं पडलं की थोरली चाळिशीतही दोन्ही हातांनी डोकं झाकायची. ही वडिलांची कृपा. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानात त्यांचा हात इतका हलका, की गिऱ्हाइकं त्यांना देवमाणूस म्हणायची. घरी आले की तोच हात पट्ट्याकडे जायचा. आई कधीच वारली होती. जिन्यात पावलं वाजली की अकरा वर्षांची थोरली पाच वर्षांच्या धाकटीला कपड्यांच्या कपाटात कोंबायची, दार लावायची आणि स्वतः पुढे उभी राहायची. वडिलांना हाताशी कुणीतरी एक लागायचं. ती सापडायची.

पुढे वडील गेले. दोघी त्याच दोन खोल्यांत राहिल्या. थोरली सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात लागली. जुनं रेक्झीन फाडायचं, स्प्रिंगा आवळायच्या, फोम कापून बसवायचा, वर नवं कापड ताणून ठोकायचं. छोटे खिळे ओठांत धरून काम करायची सवय, त्यामुळे तिला कुणी बोलायला लावत नसे. तिलाही ते बरंच होतं.

मग एके दिवशी धाकटी एका मैत्रिणीबरोबर चर्चला गेली आणि येशूची होऊन परत आली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिची आजारपणं कुणी काढली? शाळेत कुणी पोचवलं? आणि सगळं श्रेय घेऊन गेला कोण, तर हा कालचा आलेला!

“ताई, प्रभूने मला उचलून घेतलं गं,” धाकटी एकदा म्हणाली.

“आणि मी कडेवर घेऊन फिरत होते ते काय होतं? हमाली?” थोरली फणकारली.

त्यानंतर धाकटीने घरात तो विषय काढला नाही. नुसती गुणगुणायची. ते तर आणखीच झोंबायचं.

सहा वर्षांनी धाकटीच्या चर्चमधल्या, गुडघे टेकायच्या उशा फाटल्या आणि नेमक्या थोरलीच्याच कारखान्यात आल्या. “देवाला दुसरा कारखाना मिळाला नाही वाटतं,” ती पुटपुटली, पण कामात कसूर केली नाही. शेवटच्या चार उशा राहिल्या होत्या, त्या एका रविवारी सकाळी ती स्वतःच घेऊन गेली. उपासना चालू होती. त्या चर्चची एक रीत होती. महिन्यातून एकदा कुणीतरी पुढे येऊन साक्ष द्यायची, म्हणजे आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांना सांगायचं. थोरली दारात पोचली तेव्हा पुढे धाकटी उभी होती.

“वडील मला पट्ट्याने मारायचे,” धाकटी सांगत होती. “बक्कल लागून पाठीची सालटी निघायची. मी रडायची नाही. रडलं की ते जास्त मारायचे.”

पहिल्या बाकावरच्या बाईने डोळ्यांना रुमाल लावला. कुणीतरी “बिचारी” म्हणालं.

थोरलीच्या कानशिलांत रक्त उसळलं. झोप धाकटीची, गाणी धाकटीची, देव धाकटीचा, आणि आता मारसुद्धा? उभ्या आयुष्यात तिच्या एकटीच्या मालकीची तेवढी एकच गोष्ट होती.

“खोटं!” उशा छातीशी धरून ती ओरडली. “हिला कधी साधी चापटसुद्धा लागलेली नाही. तो मार हिचा नाही!”

सगळ्या माना वळल्या. चर्चचे पाळक, म्हणजे म्हातारे धर्मगुरू, खुर्चीतून उठले. रागावले नाहीत. “मग कुणाचा, बाई?” त्यांनी विचारलं.

आता आली का पंचाईत! उत्तर तर एका शब्दाचं होतं, पण ते तिने आजवर कुणालाच दिलं नव्हतं.

“माझा,” ती म्हणाली. “माझा होता तो.”

“ताईचाच,” धाकटी पुढून म्हणाली. ती रडत होती. “मी खोटं बोलले. पण ताई, तूच शपथ घातली होतीस ना, कामाला लागलीस त्या दिवशी? तू मार खाल्लेली पोरगी आहेस, हे कुणाला कळता कामा नये म्हणून. तुझं नाव घेता येईना आणि त्या माराशिवाय माझी साक्ष पुरी होईना. मग मी तो माझ्यावर घेतला.”

“तुझ्या साक्षीला माझा मार कशाला हवा?”

“इथे पहिल्याच दिवशी पाळकांनी सांगितलं, की आपल्या वाट्याचा मार एकाने स्वतःच्या अंगावर घेतला. लोकांना हे पटायला वर्षं लागतात, ताई. मला बसल्या जागी पटलं. कपाटाच्या फटीतून मी तेच तर बघत होते.”

ज्याच्यावर थोरली सहा वर्षं दात खात होती, त्याची ओळख धाकटीला तिच्याच पाठीवरून पटली होती. तरी हेवा असा सहजासहजी हटतो थोडाच! ती पाळकांवर घसरली.

“आणि तुमचा येशू मार खात होता तेव्हा त्याच्या मदतीला कोण आलं?”

“कुणी नाही. जिवाभावाचे होते तेही पळाले. शेवटी क्रुसावरून त्याने आपल्या बापाला, देवाला, हाक मारली.”

“मग?”

“बापाने ओ दिली नाही.”

थोरलीने छातीशी धरलेल्या उशा खाली ठेवल्या. बाप्तिस्मा घ्यायला तिला पुढे वर्ष लागलं, आणि त्या वर्षभरात ती पाळकांशी मनसोक्त भांडली. धाकटीच्या झोपेचा हेवा तर आजही अधूनमधून डोकं वर काढतो. पण त्या सकाळी पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की ह्या मार खाल्लेल्या येशूला आपलं कळेल. ह्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

धाकटी येऊन बाकावर बसली होती. थोरली तिच्यापाशी गेली.

“सरक जरा,” ती म्हणाली.