चादरीतलं विमान

सातपूरच्या मैदानावर रविवारी सकाळी एक काका रिमोटचं विमान चादरीत गुंडाळून आणायचे. इंजिनाच्या आवाजावरून सोसायटीत कटकट झाली, म्हणून त्यांनी ते काढून दोन्ही पंखांवर एकेक विजेची मोटर बसवली. त्या दिवशी पहिलं उड्डाण होतं. फिरायला आलेले आम्ही सगळे थांबलो. काकांनी एकेका स्क्रूवर अंगठा दाबून पाहिला आणि दर वेळी स्वतःशीच 'ओके' म्हटलं.

मग रिमोटची दांडी पुढे सरकवली. एक मोटर विमानाला पुढे ओढू लागली, दुसरी मागे, आणि ते जागच्या जागी भिंगरीसारखं फिरलं. लोक खो-खो हसले. काकांनी घाईघाईने त्यावर चादर टाकली.

"एका मोटरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या," ते खाली बघत मला म्हणाले.

"होतं हो काका. खेळणंच तर आहे."

"जन्मभर ओझरच्या कारखान्यात खरी विमानं तपासून पास केली मी. तिथं कुणाला बोलू नका हां."

मी त्यांचं नाव विचारणारच होतो. राहू दिलं. नंतर कित्येक रविवारी आम्ही सोबत चहा प्यायलो, तरी विचारलं नाही.