झुंबरबाईच्या वाट्याच्या गोळ्या

तळेघरच्या कुशाबाला कुणी काही मागितलं आणि तो नाही म्हणाला, असं कधी झालं नाही. पडकईला, म्हणजे एकमेकांच्या भातखाचरांचे बांध मिळून घालायला, तो सगळ्यांच्या आधी हजर असायचा.

यंदा त्याच्या बायकोच्या, झुंबरबाईच्या टाचेत काटा मोडला आणि जखम हाडापर्यंत चिघळली. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पू तपासून घेतला, लागू पडणारी गोळी दिली आणि बजावलं, "रोज दोन, सहा आठवडे. एकही चुकवायची नाही."

आठवड्यात ठणका थांबला. तेवढ्यात पडकईत सुभाषच्या पायावर कुदळ बसली. दवाखाना लांब, एसटीचा भरवसा नाही. कुशाबानं घरच्या गोळ्यांतल्या चार काढून दिल्या. मग भागूच्या बोटाला दिल्या, मग आणखी कुणाला. झुंबरबाईला तो रोज एकच देऊ लागला.

"नाना, तुमी तं डाक्टरच झाला राव! दारावर बोर्ड लावा," सुभाष म्हणायचा. कुशाबाला ते लई गोड वाटायचं.

महिन्यानं टाच पुन्हा फुगली. पू परत तपासायला गेला. रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला.

"जंतू तेच आहेत, पण त्या गोळीला आता दाद देत नाहीत. औषध कमी पडलं की नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात, आणि मग त्यांचीच पिलावळ वाढते. आता इथं राहून सुया घ्याव्या लागतील. त्यानंही भागलं नाही, तर हाड कापावं लागेल. गोळ्या चुकवल्या ना, मावशी?"

झुंबरबाईनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हय बाई. इसरायची मी."

डॉक्टरीणबाई तिला ताडताड बोलल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली. कुशाबा शेजारी टोपी चुरगळत बसला होता.

"तिची चूक न्हाय," अखेर तो म्हणाला. "मीच वाटल्या. पडकईच्या लोकांना."

"वाटल्या? प्रसाद होता का तो?"

त्यानं सहा नावं सांगितली. प्रत्येक नावाला आवाज बारीक होत गेला.

"त्यांनाही सांगून या. कुणाची जखम भरली नसेल, तर इकडे पाठवा."

झुंबरबाईला सुई लागली, तसा तो निघाला. सहाही घरी त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. कुणीच दोष दिला नाही. "असू द्या नाना, चांगल्यासाठीच दिल्या तुमी," म्हणत भागूनं चहा पुढं केला. कुशाबाला वाटलं, याच्यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली, हाड वाचलं. त्या दिवशी झुंबरबाई म्हणाली, "पाय बघा की माझा, बरा दिसतोय."

त्याला अजून तिकडं बघवत नव्हतं.