कांद्याची सालं आणि आमचे साडूभाऊ

कांदा सोडून त्याची सालं खिशात घालणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. साडूभाऊ कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात शहरभर सालं मागत हिंडत. औरंगपुऱ्यातला भजीवाला त्यांच्यासाठी वेगळी पिशवीच ठेवायचा. सालांच्या तांबूस रंगात फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात. ती काढून काचेच्या बशीतल्या पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या पेशींवर घालायची आणि त्या पसरायच्या थांबतात का ते बघायचं, हे त्यांचं काम. गाठ एका जागी राहिली तर कापता येते, ती हिंडू लागली की माणूस हातचा जातो, असं ते भेटेल त्याला समजावत. मग तो बिचारा टँकरपाशी हंडा घेऊन का उभा असेना. पाणी तुटलं की झाड जगण्यासाठी हा रंग जास्त धरतं, म्हणून दुष्काळाचंही त्यांना कौतुक. लोक हंडा फेकून मारावा अशा नजरेने बघत.

फुलंब्रीला सासुरवाडीच्या लग्नात ते भरल्या पंगतीतून उठून आचाऱ्यांमागे जाऊन बसले. थोरले जावई रुसले, असा मांडवभर बोभाटा झाला. सासरे नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन धावले, मानपानात काय चुकलं ते विचारू लागले. साडूभाऊंनी टोपी घातली, टॉवेल पसरला आणि त्यात सालांचं गाठोडं बांधलं. धाकटा जावई, म्हणजे मी, मुकाट्याने जेवत होतो. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

पुढे साडूभाऊंच्या पत्नीला, आक्कांना, तोच पित्तनलिकेचा कर्करोग झाला. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. कळलं तेव्हा दुखणं पसरलं होतं. नातेवाइकांच्या नजरा साडूभाऊंच्या सालांच्या अर्काच्या बाटल्यांकडे वळल्या. एका दुपारी मी आणि बायको त्यांच्या घरी असताना आक्काच म्हणाल्या, "आवं, त्या बाटलीतलं जरासं मलाबी द्या की. आता काय बिघडणार हाय?"

साडूभाऊंनी आक्कांची उशी नीट केली. मग म्हणाले, "बशीत चालतंय गं. माणसाच्या पोटात काय करंल, मलाच ठाऊक नाय. ठाऊक नाय ते तुला कसं देऊ?"

"मग लॅबला जाऊ नका," आक्का म्हणाल्या. "इथं बसा."

ते बसले. आक्का जाईपर्यंत लॅबचं नाव त्यांनी काढलं नाही. माझ्या बायकोने मात्र त्यांना माफ केलं नाही. ते आले की ती त्यांच्यादेखत सालं कचऱ्यात टाकायची. बाटली न देण्यात साडूभाऊंचं बरोबर होतं असं मला वाटे, पण घरात ते बोलायची माझी छाती नव्हती.

आता फुलंब्रीच्या रस्त्याला दुतर्फा प्लॉट पडलेत. साडूभाऊ निवृत्त झाले, तरी पिशवी घेऊन लॅबला जातातच. परवा दारात आले. खूप वाळलेत. सालं मागितली नाहीत, फक्त पाणी मागितलं. बायकोने पाणी दिलं आणि ओट्याखालून सालांनी गच्च भरलेली पिशवी काढली. कधीपासून साठवत होती, मलाही पत्ता नव्हता.

"दाजी," ती म्हणाली, "पुढच्या बाईला तरी ठाऊक नाय म्हणू नका."

'ठाऊक नाय असं म्हणणार नाय' असं वचन काही त्यांनी दिलं नाही. तेही त्यांना ठाऊक नव्हतं. पिशवी तेवढी छातीशी धरून ते सावकाश जिना उतरून गेले.