रेकॉर्ड लावू नकोस

अमेरिकेत, रेडमंडला, आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये सत्त्याण्णव वर्षांच्या एक इंग्लिश बाई राहतात. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन नवऱ्याबरोबर त्या इकडे आल्या. नवरा कधीच गेला, एक मुलगी आहे ती दूर दुसऱ्या राज्यात. माझी बायको पहिल्या दिवसापासून त्यांना आजी म्हणते. अर्थ कळल्यावर त्यांना ते फार आवडलं, मग मीही आजीच म्हणायला लागलो.

मी आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम करतो आणि शनिवारी गावातल्या एका छोट्या रेडिओ स्टेशनवर साउंड सांभाळतो, निव्वळ हौस म्हणून. गेल्या नोव्हेंबरात स्टेशनने एक अख्खा दिवस युद्धकाळातल्या ब्रिटिश रेडिओसाठी ठेवला होता. सकाळी कामगारांसाठी वाजवायचे ते संगीत, दुपारी कारखान्याच्या कँटीनमधली मैफल, मग विनोदी नाटुकली आणि परदेशातल्या सैनिकांना घरच्यांचे निरोप. सगळं लाइव्ह. आजी सोळाव्या वर्षी पॅराशूट शिवण्याच्या कारखान्यात होत्या आणि अशाच एका मैफलीत कोरसमध्ये गायल्या होत्या, इतकं आम्हाला ठाऊक होतं.

"आजी, याल का?" बायकोने विचारलं.

दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "येईन. पण गाणार नाही."

स्क्रिप्टमध्ये सायरन नव्हता. तो आदल्या संध्याकाळी मी घातला. जुना, खरा, खालून वर चढत जाणारा विमानहल्ल्याचा भोंगा. हेडफोनवर ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला, म्हणून मी खूश होतो.

"आजींना विचारलंस का?" बायको म्हणाली.

"उद्या सांगतो ना, यार."

सकाळी वाऱ्याने रस्त्यावर झाड पडलं होतं. वळसा घालून पोचेपर्यंत कार्यक्रमाला पाचच मिनिटं उरली. आजींचा ओला कोट काढा, खुर्ची लावा, माइक जवळ घ्या, या गडबडीत सांगायचं राहून गेलं.

काचेच्या पलीकडे तिघं होते. निवेदन करणारे आमचे स्टेशनप्रमुख, जे निवृत्त शाळामास्तर आहेत, त्यांच्यासमोर आजी आणि शेजारी माझी बायको. मास्तरांनी कँटीनचं वर्णन वाचलं, मागे मी भांड्यांचे आणि हसण्याचे आवाज सोडले. आजी छान बोलत होत्या. जेवणाच्या सुट्टीत टेबलं ढकलून स्टेज कसं केलं, मोठी बहीण कशी शेजारी उभी होती, आई घरी रेडिओला कान लावून कशी बसली होती. "आम्ही दुसरं गाणं सुरू केलं," त्या म्हणाल्या आणि मी बटण दाबलं.

सायरन चढत गेला. आजींचे दोन्ही हात टेबलावर पालथे पडले.

मी सायरन बंद केला. आता रेडिओवर काहीच नव्हतं. आमच्याकडे नियम आहे, दहा सेकंदांपेक्षा जास्त शांतता जाऊ द्यायची नाही, ताबडतोब संगीत लावायचं. मास्तर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. बायको मान हलवत होती, पण लाव म्हणत होती की नको, ते कळेना. माझं बोट संगीताच्या बटणावर गेलं.

"रेकॉर्ड लावू नकोस."

आजी थेट काचेतून माझ्याकडे बघत होत्या. माइक चालू होता.

"तेव्हाही लावली होती," त्या म्हणाल्या. "भोंगा रेडिओवरून शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओवाल्यांनी आमचा माइक बंद केला आणि लंडनहून रेकॉर्ड लावली. आम्ही सगळ्या शेल्टरमध्ये गेलो. आमच्या केसालाही धक्का लागला नाही. पण घरी आईला फक्त एवढंच कळलं, की मुलींचं गाणं मध्येच तुटलं. तिला वाटलं, बॉम्ब कारखान्यावरच पडला. एरवी भोंगा झाला की ती जिन्याखाली जाऊन बसायची. त्या दिवशी ती आमच्याकडे धावत सुटली. ती धावत होती त्याच रस्त्यावर बॉम्ब पडला."

मास्तरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"आम्ही घरी गेलो तर घर जसंच्या तसं. दार सताड उघडं, रेडिओ चालू. बहीण म्हणाली, आई आपल्यासाठी बाहेर धावली हे कुणाला सांगायचं नाही. आई घरातच बॉम्बने गेली म्हणायचं. बहीण होती तोवर मी ते पाळलं."

त्यानंतरची शांतता किती सेकंदांची होती, मी मोजली नाही. बटणावरून हात मात्र काढून घेतला. थोड्या वेळाने मास्तर अगदी हळू म्हणाले, "थँक यू," आणि पुढचा कार्यक्रम सुरू झाला.

बाहेर बाकावर आजी कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "आजी, चूक माझी आहे. मी आधी विचारायला हवं होतं."

"हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी नाही म्हटलं असतं."

मी उठून त्यांना कोट चढवायला लागलो.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. आजींची मुलगी. ती इंटरनेटवर ऐकत होती. सत्तरी ओलांडलेली ती बाई फोनवर इतकी रडत होती, की बायकोला आधी वाटलं तिला काही झालंय. तिला लहानपणापासून सांगितलं होतं, तिची आजी, म्हणजे आजींची आई, घरातच बॉम्ब पडून गेली. बायकोने फोन आजींच्या कानाला लावला आणि आम्ही दोघं कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभे राहिलो.

मुलगी बुधवारी विमानाने आली. दुपारी बायको दोन कप चहा घेऊन खाली गेली आणि लगेच परत आली, कप भरलेलेच.

"काय झालं?" मी विचारलं.

"दार अर्धवट उघडं होतं. बोलतायत दोघी. आत्ता नको."

तो चहा मग आम्हीच प्यालो.