वीतभर फळी आणि माझे साडू

विषुववृत्ताच्या इतक्या जवळ राहून बर्फावरून घसरण्याची एवढी जय्यत तयारी केलेला, आणि त्या तयारीपायी एवढ्या लोकांवर चिडलेला माणूस माझ्या साडूंखेरीज पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. असलाच, तर त्याच्या घरच्यांनी मला जरूर कळवावं. एकमेकांशी बोलून दोन्ही घरांना बरं वाटेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सिंगापूरला पासिर रिसमध्ये राहतात आणि वन-नॉर्थच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतात. घरी आल्यावर ते तेच काम माणसांवर करतात. आम्ही टॅम्पिनीसला, म्हणजे एमआरटीने एकच स्टेशन अलीकडे. हे अंतर फार कमी आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

हे वेड त्यांना जपानमध्ये लागलं. कंपनीच्या कामाला गेले होते. सुटीच्या दिवशी सहकाऱ्यांबरोबर डोंगरावर गेले, सगळ्यांसारखेच मऊ बूट घालून रुंद फळीवर, म्हणजे स्नोबोर्डवर, दिवसभर आपटले, आणि निघता निघता त्यांना सत्तरीचा एक म्हातारा दिसला. तो एका लांब, अरुंद फळीवरून, तिच्या एका कडेवर कलून, बर्फाला जवळजवळ कोपर टेकवत खाली आला आणि मागे एक बारीक रेघ सोडून निघून गेला. साडू त्या रेघेपाशी जाऊन उभे राहिले, आणि आम्हा सगळ्यांची पुढची सहा-सात वर्षं तिथल्या तिथे ठरली. ही फळी म्हणजे पाच-साडेपाच फूट लांब आणि कमरेत जेमतेम वीतभर. तिच्यावर पाऊल आडवं मावत नाही. चवडा किंवा टाच बाहेर राहिली की ती बर्फाला लागते आणि माणूस फेकला जातो. म्हणून पावलं तिरकी, जवळजवळ समोर तोंड करून बसवायची, साठ अंशांच्या आसपास. त्यासाठी कडक प्लास्टिकचे बूट, ते फळीला जखडायच्या पट्ट्या, पट्ट्यांखाली पाचरी. कुठली पाचर टाचेखाली आणि कुठली चवड्याखाली, यावर ते दीड तास बोलतात. मी ते दीड तास तीन वेळा ऐकले आहेत.

मऊ बुटांचा त्यांना भयंकर संताप. ‘मऊ बूट घालून फळीवर उभं राहणं म्हणजे स्लिपर घालून बोहल्यावर उभं राहणं,’ हे वाक्य मी एका लग्नात, दोन बारशांत आणि एकदा हॉकर सेंटरमध्ये लक्सा खाताना ऐकलं. रुंद फळीला ते ‘पोळपाट’ म्हणतात. एकदा कुठल्याशा मॉलमध्ये लहान मुलांसाठी बर्फाची खोली उघडली, तर हे गृहस्थ फळी घेऊन तिथे हजर. दारावरच्या मुलीने सांगितलं, “अंकल, कॅनॉट. हिअर ओन्ली फॉर किड्स, लाह.” ती आणि तिचा मॅनेजर, दोघांवर चिडून ते एमआरटीने परत निघाले. गाडीत शेजारच्या चिनी आजींनी फळीकडे बघून कौतुकाने विचारलं, “अंकल, युअर आयर्निंग बोर्ड सो नाइस. व्हेअर यू बाय?” त्या आजींना त्यांनी पासिर रिस येईपर्यंत फळीची शास्त्रशुद्ध माहिती दिली. आजींना सिमेईला उतरायचं होतं.

घरात त्या फळीचं जेवढं कौतुक झालं तेवढं सख्ख्या जावयाचं होत नसेल. इथल्या दमट हवेत तिच्या पोलादी कडा गंजतात, म्हणून दर रविवारी त्यांना शिवणयंत्राचं तेल. कडा बोथट नकोत, म्हणून बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बसून कानस. तळाला मेण लावायचं ते आमच्या मेव्हणीबाईंच्या, म्हणजे ताईच्या इस्त्रीने, त्यामुळे वर्षभर तिच्या सगळ्या कॉटनच्या साड्या मेणाने पाठीत कडक. आणि हा सगळा सरंजाम ठेवायचा बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, पोलादी दाराची एक खोली असते, युद्ध झालं तर लपायला. युद्ध काही होत नाही, म्हणून आपले लोक तिचं कोठीघर करतात. ताईचे पापड, कुरडया आणि लोणच्याच्या बरण्या त्यांनी एका कप्प्यात सारल्या, उरलेल्या जागेत आपले बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर आणखी तीन पिशव्या गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून ठेवले. “हवा लागता कामा नये,” ते म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा.

एका गणपतीत मी त्यांच्याकडे लवकर पोहोचलो, ही माझी चूक. “तुमचा पाय माझ्याच मापाचा दिसतो,” असं म्हणत त्यांनी पिशव्या सोडून ते बूट माझ्या पायांत चढवले, हॉलमध्ये फळी मांडली आणि मला तिच्यावर जखडून टाकलं. मग कंपासपेटीतला कोनमापक घेऊन माझ्या पावलांपाशी ते उकिडवे बसले. तेवढ्यात मंडळी जमली, आरती सुरू झाली, आणि पट्टी सोडवायचा खटका हलेना. माझी पावलं वॉशिंग मशीनच्या दिशेने आणि गणपती डाव्या खांद्याच्या मागे. पाचही आरत्या आणि मंत्रपुष्पांजली मी कमरेत पीळ देऊन म्हटली. तबक माझ्यापर्यंत आलं तेव्हा साडू खालूनच म्हणाले, “गुडघे वाकवा. नुसते उभे राहू नका.” मी त्यांना देवासमोर जे बोललो ते इथे लिहीत नाही.

पण माझा खरा राग या कशाचा नाही. तो गार्गीपायी, त्यांच्या एकुलत्या एका लेकीपायी. ती अकरा वर्षांची असताना त्यांनी तिला शब्द दिला होता, “डिसेंबरच्या सुटीत आपण दोघं जपानला. तुझीपण तशीच फळी.” फळी आली, छोटे कडक बूट आले, पोर हॉलमध्ये ते घालून खडखड करत हिंडली. आणि डिसेंबर आला तेव्हा तिचं पाऊल दीड सेंटिमीटर वाढलं होतं. चवडा फळीबाहेर. मग कोन वाढवला, तर गुडघा दुखतो. मग पाचर बदलली. मग नवे बूट मागवले. तोवर डिसेंबर संपला. पुढच्या वर्षी पाऊल पुन्हा वाढलेलं. असं एक-दोनदा नाही, पाच डिसेंबर. दर वेळी साडू कोनमापक लावून म्हणायचे, “अजून दोन अंश. तयारीशिवाय जाण्यात अर्थ नाही.” आधी गार्गी रडायची, मग भांडायची. पंधराव्या वर्षी तिने बापाकडे न बघता सांगितलं, “बाबा, डोन्ट सो ड्रामा लाह. यू ऑल्वेज से नेक्स्ट इयर.” आणि ती आत निघून गेली. त्यानंतर ती बुटांबद्दल बोलेनाशी झाली.

ती बारावीच्या तोडीची परीक्षा देत होती त्या वर्षी कळलं, की पुढच्या ऑगस्टपासून ती शिकायला स्कॉटलंडला जाणार. म्हणजे एकच डिसेंबर उरला होता. मी साडूंकडे गेलो तेव्हा ते तिच्या फळीवर स्क्रू पिळत बसले होते आणि म्हणत होते की बहुधा या वर्षी जमणार नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “तुम्हाला बर्फावर जायचंच नाहीये. तुम्हाला फक्त हे स्क्रू पिळायचेत. पोरगी घराबाहेर पडेल आणि तुम्ही इथे दोन अंश मोजत बसाल.”

ते उठून उभे राहिले. माझ्यापेक्षा चढा आवाज. “हे बूट पडल्यावर सुटत नाहीत, कळतं का तुम्हाला? पाय तसाच राहतो आणि गुडघा फिरतो. तिथे एका मुलीला खाली आणताना पाहिलंय मी. गार्गीचा गुडघा गेला तर तुम्ही देणार आहात का आणून?”

मी जास्तच चिडलो. तिथेच त्यांच्या सोफ्यावर बसून फोनवर विमानाची तीन तिकिटं काढली, त्यांचं, गार्गीचं आणि पहारा करायला माझं, आणि सांगितलं, “परत होत नाहीत. आता जमवा.”

जपानमध्ये सकाळी उतारावर उभे राहिलो तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते आणि या दोघांवरही मी मनातून रागावलो होतो. साडूंनी पाय पट्टीत ठेवला, खटका दाबला आणि बूट फुटला. तडकला नाही, राजगिऱ्याच्या लाडवासारखा भुगा झाला. दुसरा हातात घेतला तर त्याची टाच हातात आली. भाड्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने तुकडा बोटांनी चुरगाळून पाहिला आणि मोडक्या इंग्रजीत समजावलं, की असलं प्लास्टिक उष्ण, दमट जागी कोंडून ठेवलं की आतून सडतं. हवेशीर ठेवायचं असतं. सहा वर्षं चार पिशव्यांत, चिकटपट्टी लावून, पापडांच्या शेजारी. गार्गीचे बूट मात्र ठणठणीत होते, कारण तिचा पाय दर वर्षी वाढत गेला आणि दर वर्षी ते नवे येत गेले. ज्या पावलाला त्यांनी सहा वर्षं शिव्या घातल्या, त्यानेच तेवढं वाचवलं.

मालकाकडे त्यांच्या मापाचे फक्त मऊ बूट होते, आणि पोळपाट. साडूंनी ठाम नकार दिला. त्या पहिल्या दिवशी ते उताराच्या पायथ्याशी साध्या गमबुटांत उभे राहून लेकीवर ओरडत राहिले, कंबर खाली, नजर वर, गुडघे वाकव. ती चार-पाच वेळा पडली, दर वेळी हे धावत निघाले आणि बर्फात ढोपरापर्यंत रुतले. दुपारी ती माझ्याकडे आली. “काका, गिव्ह मी द स्क्रूड्रायव्हर.” बर्फात बसून तिने दोन्ही पट्ट्या थोड्या मागे फिरवल्या, नुसत्या नजरेने. तिचे बाबा टिपेच्या स्वरात किंचाळले, “कोनमापक लाव. चवडा बाहेर येतोय.” ती म्हणाली, “माझा गुडघा मला कळतो, बाबा.” एवढं अखंड मराठी तिच्या तोंडून मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. आणि ती गेली. पहिली रेघ वाकडी होती, दुसरी बरी, तिसरी बारीक.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, सकाळी मी खाली आलो तर साडू दुकानात बाकावर बसून मऊ बुटांच्या नाड्या बांधत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “एक अक्षर बोलायचं नाही.” ते पोळपाटावरून दिवसभर आपटले, अगदी पहिल्यांदा गेले होते तसेच. गार्गी दर वळणावर थांबून मागे बघायची आणि ते उठेपर्यंत पुढे जायची नाही. संध्याकाळी उतारावर तिची एक बारीक रेघ होती आणि तिच्याशेजारी त्यांच्या पडल्याचे खड्डे, वरपासून खालपर्यंत.

ती आता स्कॉटलंडमध्ये आहे. परवा पासिर रिसला गेलो तर तिची फळी हॉलमध्ये, पंख्याखाली. बूटही तिथेच, उघडे. साडू कडांना तेल लावत होते आणि कोनमापक शेजारी पडला होता. मला बघताच सुरू झाले. मागचा पाय चार अंशांनी चुकलाय, पुढचा तीन. असं कधी कोणी बसवतं का. या पोरीला सहा वर्षं शिकवून काय उपयोग झाला. मी म्हणालो, “मग बसवा ना नीट. स्क्रूड्रायव्हर हाताशीच आहे.”

ते माझ्यावर भयंकर चिडले. “हात लावाल तर याद राखा,” म्हणाले. “तिने बसवलंय ते.”